खालची नळी

ट्रकचं इंजिन तापायला लागलं की त्या भागातले ड्रायव्हर ज्याच्याकडे धाव घ्यायचे, त्या मिस्त्रीला सगळे वैद्य म्हणायचे. नाव पडलं ते त्याच्या तपासणीवरून. केबिन पुढे कलंडवायची, इंजिन चालू ठेवायचं, उजवा हात रेडिएटरच्या वरच्या नळीवर, डावा वाकून खालच्या नळीवर आणि डोळे मिटायचे. इंजिनचं तापलेलं पाणी वरच्या नळीने रेडिएटरमध्ये येतं आणि थोडं निवून खालच्या नळीने परत जातं. दोन हातांतल्या फरकावरून पाणी कुठं अडलंय ते हा माणूस छातीठोकपणे सांगायचा. सव्वीस वर्षांत त्याचं निदान चुकल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. कोणी सांगितलं असतं तरी त्याने ते कानाआड केलं असतं, तो भाग वेगळा.

पण गेले बारा दिवस वैद्याची मती गुंग झाली होती. त्याच्या मेहुण्याचा चौदा चाकी ट्रक तिसऱ्यांदा परत आला होता. चढ लागला की पाच मिनिटांत काटा लाल पट्टीत. पहिल्या वेळी वैद्याने नळ्या धरल्या, तर वरची गरम आणि खालची गार. म्हणजे रेडिएटर चोंदलाय. त्याने तो उतरवला, बारीक गज घालून एकेक नळकांडी साफ केली, वरून पाणी सोडलं तर खालून धो धो आलं. बसवला, तरी खालची नळी गार. मग पंप. जुना पंप काढून बघतो तर पाती शाबूत, बेअरिंग ठणठणीत. तरी नवा टाकला. खालची नळी गारच. थर्मोस्टॅट, म्हणजे पाण्याला वाट देणारी झडप, तीही बदलली. ती जुनी झडप त्याने पातेल्यात उकळून पाहिली होती. शहाण्यासारखी उघडली होती बिचारी. सगळी चांगली माणसं घरात असावीत आणि घर मात्र चालू नये, असा तो प्रकार होता.

त्यात भर म्हणजे त्याच आठवड्यात दुसरे दोन ट्रक त्याच दुखण्याचे निघाले. एक दुधाचा टँकर नुसता पट्टा बदलायला आला होता. वैद्याने सवयीने हात लावला, तर खालची नळी गार. दुसरा सिमेंटवाल्याचा ट्रेलर, तीच तऱ्हा. दोघांचे पंप त्याने बदलून दिले. एकाच आठवड्यात तीन वेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांना एकच रोग. वैद्याला वाटलं, डिझेलमध्ये काही आलंय की काय. मग त्याचं त्यालाच हसू आलं, डिझेलचा आणि पाण्याचा संबंध काय.

“पंप नवा, झडप नवी, रेडिएटर आंघोळ करून बसलाय,” मेहुणा म्हणाला. “आता जुने राहिलो ते तुम्ही आणि मी. आधी कोणाला बदलायचं, भावोजी?”

“तुला,” वैद्य म्हणाला.

मेहुण्याची थट्टा वरवरची होती, हे दोघांनाही ठाऊक होतं. उद्या सकाळी सहाला त्याला गाडीत भरून ठेवलेल्या सव्वीस टन फरशा घेऊन घाट चढायचा होता. माल देणाऱ्या कंपनीने दोनदा सांभाळून घेतलं होतं, तिसऱ्यांदा घेणार नव्हती. आणि इंजिन चढावर जाम झालंच, तर ट्रक गेला. ट्रक गेला म्हणजे मेहुणा रस्त्यावर आला. हा ट्रक वैद्यानेच, नळ्यांना हात लावून, ‘डोळे झाकून घे’ असं सांगून त्याला घ्यायला लावला होता.

शेडच्या दाराशी सुट्या भागांचं काउंटर होतं, ते वैद्याची बायको सांभाळायची. ती तिथूनच भावाला म्हणाली, “त्यांना डिवचू नकोस. सकाळपासून डबा तसाच आहे.”

“ताई, डिवचत नाही. चढावरून आत्ताच आणलाय, इंजिन भट्टी झालंय. अजून एकदा बघा म्हणतोय.”

वैद्याने हात पुसले आणि पवित्रा घेतला. उजवा वर, डावा खाली. वरची नळी चटका देत होती, ती त्याने लगेच सोडली. खालची गार. त्याने डोळे उघडले, पुन्हा मिटले. गार म्हणजे किती गार? पाऊस-पाणी खाल्लेल्या लाकडाइतकी? नीट सांगता येईना. गारसुद्धा नव्हती खरं तर. काहीच नव्हती. त्याने नळीच्या वळणावरच्या लोखंडी बाकाला मूठ आवळून धरलं, कुठंतरी आत काहीतरी धावत असेल तर कळावं म्हणून.

मेहुण्याने तेवढ्यात काउंटरच्या खणातून तापमान मोजायची बंदूक आणली. एका विक्रेत्याने भेट दिलेली ती बंदूक वैद्याने कधी वापरली नव्हती. ज्याच्या हातात काही नाही त्याने हे खेळणं वापरावं, असं त्याचं मत होतं. मेहुण्याने खालच्या नळीवर नेम धरला.

“ऐंशी.”

“काय ऐंशी?”

“खालची नळी. ऐंशी डिग्री.”

“सेल गेले असतील तिचे,” वैद्य म्हणाला. “गार आहे. मी धरून बसलोय ना.”

मेहुण्याने बंदूक स्वतःच्या कपाळाला लावली. “चौतीस. मी जिवंत आहे म्हणते.” मग त्याने वरच्या नळीवर धरली. “ब्याण्णव. हेही बरोबर. फक्त तुमच्या नळीशीच हिचं वाकडं आहे का?”

हात म्हणतोय गार, यंत्र म्हणतंय ऐंशी, आणि काटा लाल पट्टीत. तिघांपैकी एक जण खोटं बोलत होता. हात खोटं बोलेल हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. “तूच हात लावून बघ,” तो म्हणाला.

मेहुण्याने बोटं टेकवली आणि झटकन मागे घेतली. बोटं तोंडात घालून तो भावोजींच्या मुठीकडे बघत राहिला. वैद्याने बाक अजून धरलेला होता, बसमध्ये दांडा धरावा तसा निवांत.

“भावोजी,” तो हळू आवाजात म्हणाला, “सोडा ते.”

“का?”

मेहुण्याने त्याचं मनगट धरून हात ओढून काढला. तळहात लालबुंद झाला होता आणि अंगठ्याखाली पाण्याचा फोड तरारला होता. वैद्य तो तळहात दुसऱ्या कोणाचा असावा तसा बघत होता. मग त्याने उजव्या हाताचं एक बोट खालच्या नळीला लावलं. चटका बसला. पुन्हा डावं बोट लावलं. काही नाही. उजवं, डावं, उजवं. मेहुण्यानेच शेवटी त्याला थांबवलं.

पाणी कुठंच अडलं नव्हतं. पहिल्या दिवसापासून व्यवस्थित फिरत होतं. खालची नळी जितकी गरम हवी त्याहून जास्तच गरम होती, म्हणजे रेडिएटरमध्ये येऊनही पाणी निवत नव्हतं. वैद्याने इंजिन बंद करायला लावलं. फॅनचं पातं पूर्ण थांबल्यावर उजव्या हाताने त्याने झोका दिला. इंजिन तापलेलं असताना फॅनला इंजिनशी जोडणारा क्लच घट्ट धरायला हवा, पातं जेमतेम हलायला हवं. ते जत्रेतल्या भिंगरीसारखं गरागरा फिरत राहिलं. वारा घालणाराच झोपला होता. पहिल्याच दिवशी दोन मिनिटांत कळलं असतं.

बायकोने नव्या क्लचचा खोका आणून दिला. बोल्ट वैद्याने सांगितले, पाना मेहुण्याने चालवला. साडेचारला मेहुणा मालासकट चढावर दोन फेऱ्या मारून आला. काटा मध्यावरून हलला नव्हता. वैद्याने तोवर दुधाच्या टँकरवाल्याला आणि सिमेंटवाल्याला फोन केले होते. “तुमच्या पंपाला काही झालं नव्हतं,” त्याने दोघांना सांगितलं. “चूक माझी होती.” हे वाक्य त्याला पहिल्यांदा नीट म्हणता आलं नाही, टँकरवाल्याने दोनदा “काय?” विचारलं.

मग तो मोरीपाशी स्टुलावर बसला. बायको मलमाची ट्यूब घेऊन समोर बसली. लग्नापासून हा उद्योग तिच्याकडेच होता. खरचटो, कापो, भाजो, ती विचारायची, ‘दुखतंय?’ आणि हा मिजाशीत म्हणायचा, ‘नाही.’ मग ती मुद्दाम जरा जोरात दाबायची, हा कळवळायचा आणि ती म्हणायची, ‘कळलं किती दुखत नाही ते.’

तिने फोडाच्या कडेने मलम लावलं.

“दुखतंय?”

“नाही.”

तिने दाबलं. त्याच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. तिने अंगठा थेट फोडावर टेकवला आणि त्याच्याकडे बघितलं. तो तिच्या अंगठ्याकडे बघत होता, समजत नसलेल्या कागदाकडे बघावं तसा. किती दिवसांपासून हे असं आहे, हे त्याला आठवत नव्हतं. उद्या डॉक्टरकडे जायचं, एवढंच ठरलं होतं. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते लपवले नाहीत.

“एकदा ‘आई गं’ म्हणा,” ती म्हणाली. “खोटं का होईना.”