धन्याच्या पंगतीला

थर्स्टन बिअर मागायला आला की मी दार लावून घेते. बिअर मी गाळते, ती कुणाला द्यायची हेही मीच ठरवणार. त्या माणसाचं तोंडही मला बघवत नाही.

हॅरोमीडमध्ये आम्ही सगळे गावचा धनी सर रेनॉल्ड याच्या वेठीचे. कापणीला त्याच्या शेतात राबायचं आणि दुपारी त्याचाच जवाचा पाव, त्याचाच खारवलेला मासा खायचा. पोरीचं लग्नही त्याच्या कारभाऱ्याला विचारून. एकटा हॅमो मोकळा. वर्षाचा खंड भरायचा आणि उजळ माथ्यानं हिंडायचा. त्याच्या पोरीचं, इडनीचं लग्न शेजारगावच्या मोकळ्या घरात ठरलं होतं. त्याआधी थर्स्टननं आपल्या पोरासाठी तिला मागितली होती. हॅमो नाही म्हणाला, तेही गोडीत.

गेल्या साली गहू उभा असताना आभाळ भरून आलं. कारभारी हॅमोच्या दारी गेला आणि भर रस्त्यात, चारचौघांदेखत त्यानं आर्जव केलं, की प्रेमाखातर एक दिवस ये. हॅमो भला माणूस, विळा घेऊन आला. दुपारी तो घरच्या पावाची शिदोरी सोडायला लागला, तर थर्स्टननं त्याचा हात धरला.

"आमच्यात बसलास तर अंगाला भोकं पडतील काय, हॅमोभाऊ?"

वेगळं बसणं हॅमोला बरं वाटेना. तो पंगतीला बसला. मासा वास मारत होता, तरी त्यानं खाल्ला.

यंदा त्याला वेठीचं बोलावणं आलं. तो गेला नाही, म्हणून त्याचा बैल सोडून नेला. धन्याच्या कचेरीत तंटा उभा राहिला. कारभारी म्हणाला, धन्याचं अन्न वेठीचाच माणूस खातो, पंचांना विचारा. पंच म्हणजे हॅमोचे बांधाचे शेजारी, त्या पंगतीला बसलेले. थर्स्टन त्यांचा म्होरक्या. शुभवर्तमानाच्या पोथीवर हात ठेवून त्यानं सांगितलं, "खाल्लं. आमच्या डोळ्यांदेखत खाल्लं."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्याला आर्जवं करून आणलं होतं, हे एकाच्याही तोंडून निघेना. मी बोलायला उठले तर मला खाली बसवलं. ते भीतीनं गप्प राहिले असते तर मी समजून घेतलं असतं. पण आपल्या मानेवर जू आहे तर शेजाऱ्याच्याही मानेवर हवंच, ही हौस त्यांच्या तोंडावर दिसत होती. मला शिसारी आली.

निकाल झाला. हॅमो वेठीचा, आणि त्याची पोरंबाळंही वेठीची.

तेवढ्यात थर्स्टन टोपी काढून कारभाऱ्यापुढं वाकला.

"मालक, आता इडनी गावाबाहेर कशी जाईल? माझा थोरला आहे. परवानगी असावी."

कारभाऱ्यानं हॅमोकडं पाहिलंसुद्धा नाही. "दिली," तो म्हणाला, आणि पुढच्या तंट्याला हाक मारली.