बसमधली झोपलेली माणसं

माझा पंखा जरा घरघरतो, तेवढं सांभाळून घ्या. संत तुकाराम नगरातल्या एका शाळेच्या संगणक कक्षात, खिडकीशेजारी बसलेला मी एक जुना संगणक. उद्या मला न्यायला टेम्पो येणार आहे. जाण्याआधी इथल्या दोन मुलींची गोष्ट तुमच्या कानावर घालतो.

माझा जन्म कुठं झाला ते नीट सांगता येणार नाही. पाठीवरच्या स्टिकरवरची अक्षरं केव्हाच पुसली गेली. समज आली ती चाकणच्या एका कंपनीत. गाड्यांच्या सुट्या भागांची ड्रॉइंगं दाखवणं हे माझं काम. फर्स्ट शिफ्टचा माणूस उठला की सेकंड शिफ्टचा त्याच कोमट खुर्चीवर येऊन बसायचा. माणसंही मोठी गमतीची! घराला दोन-दोन कुलुपं लावून येणारे साहेब माझा पासवर्ड मात्र चिठ्ठीवर लिहून माझ्याच कपाळावर चिकटवायचे.

पुढे नवे संगणक आले. मी स्टोअरमध्ये धूळ खात पडलो आणि मग माझ्यासारख्याच काही जुन्यांबरोबर या शाळेत आलो.

इथं माझं नशीब उजळलं म्हणायचं. वडापावचे तेलकट हात माझ्या की-बोर्डवर फिरायचे, कुणी माउसची वायर गुंडाळून त्याचा भोवरा करायचं. दीपमाला मॅडम आम्हा सगळ्यांना सांभाळायच्या. इंटरनेट वापरताना काय करू नये, ते त्या फळ्यावर लिहून द्यायच्या. पासवर्ड कुणाला सांगू नका. अनोळखी माणसाशी बोलू नका. दुसऱ्याचं काम आपल्या नावावर खपवू नका. पोरं ते वहीत उतरवून घ्यायची आणि जांभया द्यायची. खरं सांगायचं तर मॅडमनाही ते वाचून दाखवताना कंटाळा यायचा.

नववीतली रुबीना माझ्यावर चित्रं काढायची. पेन नाही, टॅबलेट नाही, नुसत्या माउसनं. तिच्या अब्बांचं, एहसानभाईंचं, चाकण रस्त्याला गॅरेज. कंपन्यांच्या बस तिथं दुरुस्तीला यायच्या. सुट्टीच्या दिवशी सकाळी रुबीना तिथं जाऊन बसायची. एकदा रात्रपाळीची माणसं घेऊन परतणारी बस तिथं थांबली. आतली माणसं गाढ झोपलेली. कुणाचं तोंड उघडं, कुणाचं डोकं शेजाऱ्याच्या खांद्यावर, आणि खिडकीशी एकजण मांडीवरची डब्याची पिशवी झोपेतही घट्ट धरून बसलेला. ते चित्र तिनं कितीतरी तासिका घालवून माझ्या पडद्यावर उतरवलं.

ते पुरं झालं त्या दिवशी घंटा वाजली आणि ती तशीच पळाली. लॉगआउट करायचं राहिलं. पुढच्या तासाला माझ्यासमोर बसली दिव्या.

दिव्याचं घर मूळचं लातूरकडचं. वडील विलासराव चाकणला एका कंपनीत. ते कामावरून यायचे तेव्हा ही शाळेत निघालेली आणि ही घरी जायची तेव्हा ते झोपलेले. पडद्यावरचं चित्र बघून ती हरखून गेली. पिशवी धरून झोपलेला तो माणूस अगदी तिच्या बाबांसारखा होता. तिनं ते चित्र स्वतःला मेल करून घेतलं. रुबीनाच्या फोल्डरमधली आणखी चारदोन चित्रंही घेतली.

पुढचं मला कळलं ते दिव्याच्याच तोंडून, नंतर.

आईच्या फोनवरून तिनं ते चित्र आपल्या खात्यावर टाकलं. खाली लिहिलं, ‘माझे बाबा’. एवढंच. पण लोक विचारायला लागले, "तू काढलंस? काय भारी काढतेस!" तिचं आजवर असं कौतुक कुणी केलं नव्हतं. तिनं उत्तर दिलं, ‘हो.’

कौतुक करणाऱ्यांत एक बाई होत्या. निदान फोटो तरी बाईचा होता. ‘तुझ्यासारख्या मुलींना आम्ही पुढं आणतो,’ असं त्या लिहायच्या. रोज चौकशी करायच्या. जेवलीस का, अभ्यास झाला का. दिव्याला त्या इतक्या जवळच्या वाटल्या, की मनाला खात असलेली गोष्ट तिनं त्यांनाच सांगून टाकली: ‘ती चित्रं माझी नाहीत.’

तिथून सूर बदलला. आधी घरचा पत्ता मागितला. मग, ‘शनिवारी रावेतला भेटायला ये. एकटीच. आली नाहीस तर तू चोर आहेस हे सगळ्या शाळेला कळवीन.’

त्या शुक्रवारी मधल्या सुट्टीत दिव्यानं तो निरोप माझ्यावर उघडला होता. पुन्हा पुन्हा वाचत होती. तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि रुबीना आत आली. तिच्या मावसबहिणीनं, शमीमनं, ते चित्र कुणाच्या तरी फोनवर पाहिलं होतं.

"बसचं चित्र तू टाकलंस?"

"कुठलं चित्र?"

"नाटक करू नको. त्या चित्रासाठी मी महिनाभर इथं बसत होते. आणि तू खुशाल सांगतेस, मी काढलं?"

पडदा झाकायला दिव्यानं घाईनं हात पुढं केला आणि त्यामुळेच रुबीनाची नजर तिकडं गेली. तिनं निरोप वाचला. वरचे आधीचेही वाचले. माझ्या काचेत मला तिचा चेहरा दिसत होता. राग जागच्या जागी होता, पण त्याच्या पुढं येऊन भीती उभी राहिली होती.

"तू जाणार होतीस?"

"मग काय करू? सगळ्यांना कळलं तर?"

"चित्राचं आपण नंतर बघू. आधी मॅडमकडं चल."

"तू सांगशील त्यांना, की मी चोरलं."

"ते तूच सांगशील," रुबीना म्हणाली. "मी नुसती सोबत येते."

दीपमाला मॅडम कक्षात आल्या, माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. दिव्यानं रडत रडत पहिल्यापासून सगळं सांगितलं. मॅडम मध्ये एकदाही ओरडल्या नाहीत. दिव्या ते निरोप पुसून टाकायला निघाली तेव्हा मात्र त्यांनी तिचा हात धरला. "पुसू नकोस. हाच पुरावा आहे. आणि त्या माणसाला आता एक अक्षरही उत्तर द्यायचं नाही."

विलासरावांना फोन गेला. ते झोपेतून उठून तसेच आले. डोळे लाल, शर्टाची बटणं वरखाली. दिव्या भिंतीला चिकटून उभी. आता मार बसणार, असं तिच्याइतकंच मलाही वाटलं.

विलासरावांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "मला उठवायचं नाही का, लेकरा? झोप काय, कधीबी होती."

दिव्या त्यांना जाऊन बिलगली. जरा वेळानं त्यांनी विचारलं, "ते चित्र कुठाय? दावा की." मॅडमनी उघडलं. ते वाकून बघत राहिले. "हा मीच हाय का?"

"नाही काका," रुबीना म्हणाली. "ते दुसरे कुणीतरी आहेत. नाव नाही माहीत मला." आणि बोलता बोलता ती अडखळली. "मी... मीही त्यांना विचारलं नव्हतं. झोपले होते ना ते."

मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

त्याच दुपारी मॅडम आणि विलासराव सायबर पोलिसांकडे गेले. तो कोण होता, पुढं सापडला का, हे माझ्यापर्यंत आलं नाही. त्याच खात्यावरून आणखी मुलींनाही निरोप गेले होते, एवढं मात्र मॅडम बोलताना ऐकलं. दिव्यानं आपल्या खात्यावर खरं काय ते लिहिलं आणि चित्रं काढून टाकली. वर्गात बरेच दिवस तिला टोमणे ऐकावे लागले. रुबीनाही तिच्याशी लगेच बोलायला लागली नाही. पण टोमणे मारणाऱ्यांतही ती कधी सामील झाली नाही.

मॅडमचा तास त्यानंतर बदलला. आता त्या फळ्याकडे पाठ करून मुलांमध्ये बसतात. एकदा त्या म्हणाल्या, "चूक केलीत तरी माझ्याकडे या. चूक केलीत म्हणून तर आधी या." त्या दिवशी एकालाही जांभई आली नाही.

रुबीनानं गॅरेजवर थांबून त्या पिशवीवाल्या काकांना गाठलं. त्यांचं नाव दत्तोबा. चित्र बघून ते खूप हसले म्हणे. म्हणाले, "पोरी, झोपलेला कशाला काढतीस? जागा काढ की!" म्हणून तिनं त्यांना पुन्हा काढलं, डोळे उघडे, मिशीला पीळ. त्याखाली तिनं आपलं नाव लिहिलं आणि त्यांचंही.

आज मॅडमनी दोघींना माझ्याकडे पाठवलं. माझ्यात पोरांचे फोटो आहेत, पासवर्ड आहेत, अर्धवट निबंध आहेत. ते कुणा परक्याच्या हाती जायला नकोत. ज्याचं त्याला देऊन मग मला कोरा करायचं आहे. तुमच्या घरातूनही माझा एखादा भाऊबंद बाहेर पडत असेल, तर तेवढं करा. आम्हाला काही विसरता येत नाही, तुम्हीच ते पुसायचं असतं.

रुबीना आपली चित्रं काढून घेत होती. दिव्या शेजारी बसून नावं वाचून दाखवत होती. मध्येच थांबून म्हणाली, "एक विचारू? माझ्या बाबांचं चित्र काढशील?"

रुबीनानं तिच्याकडे पाहिलं. "त्यांना विचारलंस?"

"नाही अजून."

"मग विचार. ते हो म्हणाले तर काढते."

दिव्यानं मान डोलावली आणि पुढच्या फाइलचं नाव वाचलं.