कापडाच्या कपाटात कोंबड्या

मित्रांनो, मी एक जुने सागवानी कपाट आहे. आता माझ्या पोटात कोंबड्या राहतात, तेव्हा मला कपाट म्हणायचे की खुराडे, हे तुम्हीच ठरवा.

सुताराने मला शिंपीकाकांच्या दुकानासाठी घडवले. तीस वर्षे मी कापडाचे तागे सांभाळले. "काय ऐसपैस कपाट आहे!" असे गिऱ्हाइके म्हणत, तेव्हा मला मूठभर मांस चढे. पुढे काकांची नजर अधू झाली, सुईत दोरा ओवेना. दुकान बंद झाले आणि माझी रवानगी घराच्या परसात झाली. दोन वर्षे कोणी माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही.

काकांनाही करमत नव्हते. दिवसभर खिडकीशी बसून राहायचे. एका सकाळी ते परसात आले, माझ्यावरची धूळ झटकली आणि म्हणाले, "अगं, ऐकलंस का? मी कोंबड्या पाळणार!"

काकू दारात आल्या. "घाण कोण काढणार? वास आला ना, तर कोंबड्यांसकट तुम्हीपण त्या कपाटातच झोपायचं!"

"मोठं आहे ते. मावेन मी," काका म्हणाले.

काका कामाला लागले. ओल लागू नये म्हणून मला विटांवर उभे केले. दारांच्या फळ्या काढून जाळी ठोकली. बसायला आडवी काठी लावली आणि बटणांच्या खणांत पेंढा अंथरला. मग चार कोंबड्या आल्या. तीन तांबड्या आणि एक काळी. काळीची चाल इतकी तोऱ्याची, की काकांनी तिचे नाव 'मॅडम' ठेवले.

फक्त एक चूक झाली. कडी बसवायची राहिली आणि काकांनी दार दोरीने बांधले.

तिसऱ्या दिवशी काका दाणे आणायला गेले होते. तिन्हीसांजेला मुंगूस आले. त्याने दोरी ओढली, गाठ सुटली आणि आत एकच कालवा झाला. मी लाकडाचे, काय करणार? तेवढ्यात काकू लाटणे घेऊन धावल्या. मुंगूस पळाले, पण मॅडमही नाहीशी झाली होती. काकूंनी दार पाट्याने दाबले आणि झुडपे धुंडाळली. "ये गं बाई, घाबरू नकोस," असे म्हणताना त्यांचाच आवाज कापत होता. शेवटी मॅडम पालथ्या टोपलीमागे सापडली. पंख फाटला होता. काकूंनी तिला उराशी धरले.

काका परतले, तेव्हा काकू जखम पुसत होत्या. "दोरीनं दार बांधतात होय? शिंपी ना तुम्ही? गाठ तरी धड मारायची!"

काका ओशाळले. दुसऱ्या दिवशी मला दोन लोखंडी कड्या लागल्या. तेव्हापासून माझी झाडलोट काकूच करतात. मॅडमच्या पंखाला औषध लावतात, पाणी रोज बदलतात. वास येईल कुठून?

महिन्याभराने एका सकाळी काकूंनी खणात हात घातला आणि किंचाळल्याच! काकांना डोळे मिटायला लावून त्यांनी ते उबदार अंडे त्यांच्या तळहातावर ठेवले. "ओळखा!" काका नुसते हसत राहिले. फोडायला दोघांचाही जीव होईना. दुसरे अंडे आले, तेव्हा कुठे तवा तापला.

मित्रांनो, कोंबड्या जरूर पाळा, पण आधी घर पक्के करा, मग त्यांना आणा. आणि अंधार पडण्यापूर्वी कडी स्वतःच्या हाताने लावून पाहा. आमच्याकडे काका लावतात, काकू ओढून बघतात, आणि मग आत चौघीजणी काठीवर दाटीवाटीने बसून कुरकुरत झोपी जातात.