जिभेवरचा समुद्र
सकाळी साडेसातला कस्तुराबाईने बादलीभर पाण्यात दोन ओंजळी खडेमीठ टाकलं, काठीने ढवळलं, बोट बुडवून जिभेला लावलं आणि आणखी अर्धी मूठ घातलं. समुद्र तिने कधी पाहिला नव्हता. शिमग्याला कैलासने बाटलीत भरून आणला होता. त्यातला एक घोट तिने घेतला, लगेच थुंकला. चव मात्र ध्यानात ठेवली. आता ते पाणी ती कडुनिंबाच्या डहाळीने दोन वाफ्यांतल्या रोपांवर शिंपडू लागली. वडिवळ्याच्या धरणावरचं धुकं अजून नर्सरीच्या हिरव्या जाळीत अडकून होतं.

आज चाळिसावा दिवस. डावीकडच्या बहाव्याच्या पानांना कडेकडेने विडीचे चटके दिल्यासारखे डाग पडले होते. उजवीकडची उंडीची रोपं मात्र मीठ पिऊनही तेल लावल्यासारखी चकचकीत उभी होती; उंडी मुळात किनाऱ्यावरचंच झाड.

कैलास तिचा मुलगा. गेल्या वर्षी इथल्याच बहाव्यांबरोबर टेंपोत बसून तो कोकणात, समुद्रकाठच्या एका रिसॉर्टवर माळी म्हणून गेला. दोन महिन्यांत खाऱ्या वाऱ्याने झाडं वाळली आणि ठपका आला त्याच्यावर, पाणी घातलं नाही म्हणून. यंदाची वाळली तर त्याला काढणार होते. म्हणून तर कस्तुराबाई मालकाच्या मागे लागली होती, की आधी रोपं मिठावर बघू.

नऊ वाजता मालक शार्दूल तळेगावहून आला. गाडीतूनच त्याने छापील चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे केला.

"मावशी, ह्या साठही चिठ्ठ्या बहाव्याला बांधा. अकराला टेंपो निघेल."

"बहाव्याला? सायेब, वाफ्यातली पानं बगितली का? पार करपलीत."

"ती नाही पाठवायची. आतली ताजी आहेत ना, ती."

"ताजी हाईत, कारन त्यास्नी मीठच लागलं न्हाई. तितं गेल्यावर काय सुटका हाय व्हय?"

शार्दूल हसला. शेतकी कॉलेजात शिकलेला माणूस. त्याला न कळण्यासारखं यात काही नव्हतं. "पार्टीला पिवळी फुलं हवीत. उंडीला कोण विचारतंय? आणि वाळली, तर परत आपल्याकडूनच नेतील."

"आन् माजा कैलास?"

"त्याला म्हणावं, पाणी नीट घाल."

गाडी वळून कामशेतच्या दिशेने गेली. कस्तुराबाईने एक चिठ्ठी अक्षर अक्षर लावून वाचली: समुद्रकाठासाठी तपासलेलं झाड. मग ती खाली बसली आणि एकेक चिठ्ठी बांधत गेली.

सीताराम टेंपो घेऊन आला तेव्हा साठ रोपं रांगेत तयार होती.

"काय मावशी, वऱ्हाड नटवलं जनू! पर ही तर उंडी दिसतीया."

"चिठ्ठी वाच."

त्याने वाचली. डोकं खाजवलं.

"खोटं हाय का त्यात काय?" तिने विचारलं.

"न्हाई. पर सायेब मला गाडीवरनं उतरवंल की!"

"भरून मी दिली म्हनावं. तुला झाडातलं काय कळतंय? आंबा न् फणस समोर ठिवला तरी तुजा घोळ हुतो, हे समद्या गावाला ठावं हाय."

"व्हय, त्ये मातुर खरं," सीताराम हसला आणि पहिलं रोप उचलून वर ठेवलं.

टेंपो निघाल्यावर तिने कैलासला फोन लावला. "झाडं येत्यात. समुद्राच्या अंगाला हीच लाव. कुनी इचारलं तर माजं नाव सांग."

"आये, आन् तुज्या कामाचं?"

"तू खड्डे घे."

तिने बादली धुऊन पालथी घातली. फाटकाची किल्ली शार्दूलच्या टेबलावर ठेवली आणि किल्लीवर करपलेल्या बहाव्याची एक फांदी. बारा वर्षं जाळीच्या खांबाला खोचून ठेवलेलं आपलं खुरपं तिने काढलं, पिशवीत घातलं आणि फाटक नुसतंच लोटून घेऊन ती घराकडे निघाली.