तांबड्या ताऱ्याचा उपयोग

‘सामान्य माणसाला उपयोग’ या चौकोनातलं सगळं पूर्वीनं तिसऱ्यांदा पुसून टाकलं. चार वाजून गेले होते आणि सरकारी अनुदानाचा अर्ज पाचला बंद होणार होता. गेल्या वर्षी याच चौकोनानं घात केला होता. उपयोग स्पष्ट होत नाही, असा शेरा मारून अर्ज परत! डहाणूच्या कॉलेजात शिकवणाऱ्या बाईला ताऱ्यांचा प्रकाश मोजायचं यंत्र कशाला हवंय, हे शंभर शब्दांत पटवायचं तरी कसं, कप्पाळ?

वरोरच्या घराच्या ओट्यावर तिचे वडील, वासुदेव तांडेल, फाटलेलं जाळं सांधत बसले होते.

"कुठच्या ताऱ्याचं चाललंय एवढं?"

"मृगातला तांबडा, बाबा. काक्षी. सहा वर्षांमागं एकाएकी मंद झाला होता ना, तो."

जाळ्यातली सुई थांबली.

"बघितला होता मी. होडीवरनं. पार विझत आला होता."

पूर्वीनं मान वर केली. त्या हिवाळ्याबद्दल या घरात कुणी बोलत नसे. तिचा भाऊ रोशन तेव्हाच समुद्रात गेला, तो परतलाच नाही.

"वर खूण दिसली होती मला," वासुदेव म्हणाले. "तरी पोराला होडी काढू दिली. तुझ्या आईलापण नाय सांगितलं कधी."

एवढं पोटात ठेवून हा माणूस सहा वर्षं जेवत होता! पूर्वीला भडभडून आलं. जाळं बाजूला सारून ती त्यांच्याशेजारी बसली.

"बाबा, तो प्रकाश तिथून निघाला त्याला सहाशेएक वर्षं झाली होती. वाटेतच होता. आपल्याला तेव्हा दिसला, एवढंच."

"सहाशे?"

"थोडं मागंपुढं."

वासुदेवांनी समुद्रावरच्या लख्ख आभाळाकडे पाहिलं. तिथे एकही तारा नव्हता, तरी ते बघतच राहिले.

"अबब! आणि आज निघालेला?"

"आपल्यातल्या कुणालाच दिसायचा नाही."

"म्हणजे रोशनचा आजा-पणजा नव्हता, तेव्हाच निघालेला तो." त्यांनी मनगटानं डोळे पुसले. "आमच्यासाठी नव्हताच."

वासुदेवांनी जाळं पुन्हा मांडीवर ओढलं.

"हे आधी का नाय सांगितलंस, पोरी?"

"तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

"जा, लिही. पाच वाजतील."

पूर्वीनं चौकोनात लिहिलं: ‘वरोरच्या एका तांडेलाला सहा वर्षांनी आज झोप लागेल.’ शंभरातले बाकीचे शब्द तिनं तसेच सोडले आणि बटण दाबलं.