साराचं पुस्तक

रिवका चेऊलकरची पाच पुस्तकं होती आणि पाचही तिने स्वतःच काढली होती. मुखपृष्ठ ठरवायचं, छापून आणायचं, नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये दिवाणाखाली गठ्ठे रचायचे, कोणी मागितलं की पाकीट चिकटवून कुरिअरला द्यायचं. शिवाय रोज सकाळी फेसबुकवर एक छोटं टिपण असायचं: आज भाजीवाली काय म्हणाली, चहा उतू जाताना काय सुचलं. त्याखाली पुष्कळ बदाम पडत. पुस्तक विकत घेणारे मात्र चार-दोनच, त्यातही एक तिची मावसबहीण. नवरा अवी दरवेळी "छान झालंय" म्हणून नवी प्रत फ्रिजवर ठेवून द्यायचा.

पाचव्या पुस्तकावर स्वानंद नावाच्या, पुस्तकांचे व्हिडिओ करणाऱ्या एका तरुणाने तोंडसुख घेतलं. "रिवकाताई मनाने फारच चांगल्या आहेत," तो हसत म्हणाला, "म्हणून त्यांच्या पुस्तकात कोणाचंच काही बिघडत नाही. वाचून झाल्यावर मला भूक लागली होती, एवढंच आठवतंय." व्हिडिओ भरपूर फिरला. रिवकाने तो इतक्यांदा पाहिला की तो कुठे श्वास घेतो तेही तिला पाठ झालं.

त्याच आठवड्यात सारा आली. सारा म्हणजे अवीची धाकटी बहीण. विचुंब्याला भाड्याने राहायची, कामोठ्याच्या एका क्लासमध्ये गणित शिकवायची. तिचा नवरा जोसेफ नोकरीसाठी इस्रायलला गेला होता. घर मिळालं की तिला बोलावणार होता. पनवेलमधली कितीतरी बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू घरं अशीच एकेक करून तिकडे गेली होती, त्यामुळे कोणाला त्यात काही खटकत नव्हतं. दर शुक्रवारी तिन्हीसांजेला शब्बाथचे दिवे लावून झाले की सारा गॅलरीत उभी राहून जोसेफशी फोनवर बोलायची. मोठमोठ्याने, हसत. बिल्डिंगमधल्या बायकांना त्याच्या तब्येतीपासून तिथल्या थंडीपर्यंत सगळं ठाऊक असायचं.

"वहिनी," त्या दिवशी ती ओट्याला टेकून म्हणाली, "जोसेफने तिकडे दुसरं घर मांडलंय. मूलही आहे."

"काहीतरीच! तू तर दर शुक्रवारी बोलतेस त्याच्याशी."

"फोन लावतच नाही मी. नुसता कानाला धरते. त्याने नंबर केव्हाच बदललाय." सारा पदराशी चाळा करत राहिली. "टाकलेली बाई म्हटलं की घरमालक काही ना काही निमित्त काढून दाराशी येतो. नवऱ्याचा फोन येतो म्हटलं की सगळे नीट वागतात. आणि खरं सांगू? बोलून बरंही वाटतं. मीच विचारते, मीच उत्तर देते." रडता रडता ती हसली. "दादाला सांगू नकोस. कोणालाच नको."

"वेडी आहेस का? मी कोणाला सांगणार?" रिवकाने तिला जवळ घेतलं. तिचेही डोळे भरून आले होते आणि ते पाणी खोटं नव्हतं.

सारा जिना उतरून गेली आणि रिवकाने लॅपटॉप उघडला.

तिने साराची अविटल केली, विचुंब्याचं उरण केलं. बाकी काही बदलवेना. जिथे बदललं तिथे वाक्य मरून पडायचं. घरमालक तसाच ठेवला, गॅलरी तशीच, 'मीच विचारते, मीच उत्तर देते' हेही तसंच. असं लिहिणं तिला आयुष्यात कधी जमलं नव्हतं. महिनाभर ती गाणं गुणगुणत स्वयंपाक करायची.

'तिकडून' ही कादंबरी निघाली आणि दिवाणाखाली गठ्ठा राहीचना. स्वानंदने नव्या व्हिडिओत चष्मा काढून डोळे पुसले. अवीने मात्र ही प्रत फ्रिजवर ठेवली नाही. एका सुट्टीत बसून सगळी वाचली.

"ही सारा आहे," तो म्हणाला.

"कादंबरी आहे ती, अवी."

"जोसेफचं खरं आहे का, तेवढं सांग."

तिने उठून चहाचं आधण ठेवलं.

"माझ्या बहिणीचं घर मोडलं, हे मला छापून आल्यावर कळावं?" तो आवाज न चढवता म्हणाला. त्याने पुस्तक मिटलं आणि तो पायात चपला सरकवून साराकडे गेला. परत आल्यावर तो त्या विषयावर बोलला नाही. हळूहळू तो बाकीच्या विषयांवरही बोलेनासा झाला.

मग साराच्याच बिल्डिंगमधून बोलावणं आलं. तिथल्या महिला मंडळाच्या सुनंदाबाईंनी शुक्रवारी दुपारी वाचन ठेवलं होतं. रिवकाला नाही म्हणता आलं असतं. तिने नवी साडी इस्त्रीला दिली.

सोसायटीच्या ऑफिसात खुर्च्या मांडल्या होत्या. दुसऱ्या रांगेत सारा बसली होती. दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या आणि सगळ्या बायकांची तोंडं तिरकी, तिच्याकडे.

"ते फोनचं पान वाचा ना," सुनंदाबाई म्हणाल्या. "आम्हाला फार आवडलं ते."

रिवका थबकली. "दुसरं एखादं वाचते."

"वाच ना, वहिनी," सारा म्हणाली. "तेच वाच."

रिवका वाचू लागली. पहिल्या ओळींना आवाज कापत होता, नंतर स्थिरावला. अविटल मुक्या फोनला 'जेवलात का?' विचारते आणि स्वतःच 'अगंबाई, अजून नाही?' म्हणते, तिथे मागून कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळ्याच हसल्या. हशा ओसरेपर्यंत रिवका थांबली आणि बरोबर त्या क्षणी तिने पुढचं वाक्य उचललं. आपण फार चांगलं वाचतो आहोत हे तिला कळत होतं.

टाळ्या झाल्या. साराही वाजवत होती.

"ही बाई खरी आहे का हो?" एकीने विचारलं.

"लेखकाला इकडेतिकडे काहीतरी दिसतच असतं," रिवका म्हणाली.

सुनंदाबाई चहाचा कप घेऊन दुसऱ्या रांगेकडे वळल्या. "काय गं सारा, आज शुक्रवार. भाऊजींचा फोन यायचा असेल ना?"

"नाही येणार," सारा म्हणाली. "वहिनीने लिहिलंय ना तसं."

तिने कप घेतला, चहा संपवला, कप ट्रेमध्ये ठेवला आणि निघून गेली. महिनाअखेरीला घरमालकाने जागा सोडायला सांगितलं. कामोठ्याला एका विधवा शिक्षिकेबरोबर तिने खोली घेतली. रिवकाचे फोन ती उचलत नव्हती. 'तिकडून'ची दुसरी आवृत्ती निघाली.

पुढच्या वर्षी सिनेगॉगमधून बाहेर पडताना तिथल्या देखभाल करणाऱ्याच्या बायकोने रिवकाला अडवलं. "अवीभाऊंच्या पोटाच्या गाठीचा रिपोर्ट काय आला?"

रिवकाला कसल्याच गाठीची माहिती नव्हती. "बघतायत डॉक्टर," ती म्हणाली. "आम्ही घाबरलेलो नाही."

घरी अवी कपाटातून कपडे काढत होता.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू लिहिशील म्हणून."

"अवी, मी तुझी बायको आहे!"

"हो ना." त्याने शर्टाची घडी घातली. "सगळ्यांना कळलं तरी चालेल. तुझ्या वाक्यांत नको मला मरायला."

ती रडली, हात जोडले, एक ओळही लिहिणार नाही म्हणाली. तो कपडे भरत राहिला.

सकाळी सारा आली. फाईल तिच्याच हातात होती. कोणते रिपोर्ट पुढे लावायचे, उपाशीपोटी यायचं का, सगळं तिला माहीत होतं.

"वहिनी, दादासाठी एक जाड चादर दे. तिथे एसी असतो."

रिवकाने धावत जाऊन चादर आणली. "मी पण येते."

"नको," अवी म्हणाला.

"निदान कुठलं हॉस्पिटल ते तरी सांगा!"

साराने अवीकडे पाहिलं. अवीने पिशवी उचलली.

"चल," तो बहिणीला म्हणाला, "रिक्षा थांबलीय."