शिवांजलीचं हत्यार

“आण्णा, थांबा!” शिवांजली ओरडली, तोवर माझ्या हातातल्या फुलाचं पाणी लॅपटॉपवर पडलं होतं.

खंडेनवमी होती. पडवीत घोंगडं अंथरून मी हत्यारं मांडली होती. पाने, पक्कड, मोटर उचलायचा दोर, खुरपी, विळा. मी पंप दुरुस्त करणारा माणूस. आमच्या माण तालुक्यातल्या वाडीत कुणाची मोटर जळली की मला बोलावणं येतं. ही पूजा दरवर्षी माझी बायको हरणाबाई करायची. सगळ्या हत्यारांना हळदकुंकू लावून झालं की माझा उजवा हात ओढायची आणि त्यालाही बोट लावायची. “आवं, सगळ्यात जुनं हत्यार तर ह्येच हाय,” म्हणायची.

ती गेली त्या वर्षी आम्ही सण केला नाही. यंदा मीच पूजेला बसलो. पोरगा-सून मुंबईला, नात शिवांजली माझ्याजवळ. शाळेतून नववीच्या पोरांना लॅपटॉप मिळालेत. ते नातीचं हत्यार, म्हणून तेही मांडलं. मिटलेल्या हत्याराची पूजा कशी करायची, म्हणून उघडून ठेवलं. पडदा उजळला, मला बरं वाटलं. मग पाणी शिंपडलं.

पडदा थरथरला. मी पुसायला हात पुढं केला.

“हात लावू नका! भिजल्याल्या मोटरीचा करंट आदी बंद करायचा, तुमीच सांगता न्हवं?”

तिनं बटण दाबून धरलं. पडदा काळा झाला. ओढणीनं पाणी टिपलं आणि लॅपटॉप तंबूसारखा पालथा करून वाऱ्याला ठेवला. मी बघत राहिलो. मी नुसतं बोलत होतो असं मला वाटायचं, ती ऐकत होती.

शेजारचा आकाराम कुंपणावरून डोकावला. “काय लालासाहेब, मशीनला आंघोळ घातली व्हय? साबण लावला का न्हाई?”

मला हसू आलं नाही. लॅपटॉप घरी द्यायचे की शाळेच्या कपाटात ठेवायचे, यावर आधीच वाद होता. एकाच्या चार्जरची वायर शेळीनं चावली होती. एकीचा भाऊ त्यावर नुसते सिनेमे बघायचा. आता एक जरी बिघडला तरी सगळे कपाटात जातील, असं विश्वजित सरांनी बजावलं होतं. शिवांजलीचं काम तर घरीच चालायचं. मी विहिरीवरनं आलो की ती दोर ओढून बघायची, कुठवर ओला झालाय ते. त्यावरनं वाडीतल्या प्रत्येक विहिरीचं पाणी कसं उतरतंय त्याचा आलेख ती लॅपटॉपवर काढत होती.

दसरा झाल्यावर तिनं तो चालू केला. चालू झाला, पण दोन बटणं मेली होती.

“सरांना सांगू नगंस,” मी म्हणालो. “साताऱ्याला नेतो, गुपचूप नीट करून आणतो.”

“आजी असती तर तिच्या म्होरं असं बोलला असता का, आण्णा?”

साताऱ्याचा बेत मी सोडला. शाळा उघडली तेव्हा तिच्याबरोबर गेलो.

भरल्या वर्गात ती उभी राहिली. “सर, आमच्या आण्णांनी खंडेनवमीला पूजा केली. पाणी उडालं. दोन बटनं गेली.” पोरं खो-खो हसली. मी दारात मान खाली घालून उभा. तिचा आवाज मात्र हलला नाही. “चूक माजी हाय. सण म्हाईत हुता, आदी सांगाय पायजे हुतं. पण सर, दोन बटनांपायी समद्यांचे कपाटात नगा ठेवू. कपाटात बसून विहिरीचं पानी दिसत न्हाई.”

सरांनी आलेख बघितला. कुणाच्या विहिरीचं पाणी किती खाली गेलंय ते विचारत गेले, ती सांगत गेली. मग त्यांनी टेबलावरचा आपला लॅपटॉप आमच्याकडं फिरवला. झाकणावर कुंकवाचा टिळा होता.

“आमच्या आईनं लावलाय,” ते म्हणाले. “पाणी तेवढं राहिलं शिंपडायचं. घेऊन जा घरी. बाहेरून जोडायचा कीबोर्ड देतो. आणि आण्णा, पुढच्या वर्षी कोरडी पूजा करा.”

“व्हय सर,” मी म्हणालो. लॅपटॉप कुणाचेच कपाटात गेले नाहीत.

संध्याकाळी ती पडवीत कामाला बसली. मी देवळीतला हरणाबाईचा करंडा काढला. शिवांजलीनं लॅपटॉप छातीशी धरला. “आण्णा, आता काय?”

“त्येला न्हाई. हात म्होरं कर.”

तिनं उजवा हात पुढं केला. मी त्यावर हळदकुंकू लावलं. ती हाताकडं बघून परत कामाला लागली. बटणं टकटक वाजू लागली.

मी करंडा मिटला. बोटाला राहिलेलं कुंकू माझ्याच हाताला पुसलं.